दार उघडले की भिंत पडली? पेप्टाइडने पेशीथराची पारगम्यता बदलण्याचा प्रयोग, पायरीपायरीने

पेशींच्या थरावर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, टाकले, विद्युतरोध निम्म्यावर आला आणि वहीत नोंद झाली, ‘सांधे उघडले’. या विषयातली सर्वांत जास्त फसवी नोंद हीच असते. रोध उतरायला सांधेच उघडावे लागतात असे नाही. काही पेशी मेल्या तरी तो उतरतो. बफरमधले कॅल्शियम कमी पडले, पेप्टाइडच्या पावडरीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातले विष, आले किंवा नुसते तापमान बदलले तरी तो उतरतो. पेप्टाइडने दार उघडले की भिंतच पाडली, हे ओळखता यावे अशी प्रयोगाची मांडणी पहिल्या दिवसापासून हवी, आणि हा लेख ती कशी करायची त्याबद्दल आहे. पेशी वाढवण्याचा सराव आहे, पण अडसरावरचे, म्हणजे रेणू अडवणाऱ्या पेशीथरावरचे, काम नवे आहे, अशा वाचकाला समोर ठेवून लिहितो आहे.

आधी वाटा समजून घ्या

आतड्याच्या किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या अस्तरातून रेणू पलीकडे जातो तो दोन वाटांनी. एक वाट पेशीच्या पोटातून जाते, दुसरी दोन पेशींच्या फटीतून. ही फट वरच्या टोकाला ‘टाइट जंक्शन’ म्हणजे घट्ट सांध्याने बंद केलेली असते. फार्कर आणि पॅलाडे यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सांध्याचे वर्णन केले. त्यातली प्रथिने मात्र बरीच नंतर सापडली. झेडओ-१ १९८६ मध्ये, ऑक्लुडिन १९९३ मध्ये आणि खरा कणा ठरलेली क्लॉडिन १९९८ मध्ये. शेवटची दोन्ही सुकिता आणि फुरुसे यांच्या गटाने शोधली. सस्तन प्राण्यांत क्लॉडिनचे पंचवीसहून अधिक प्रकार आहेत. कोणत्या अवयवात कोणते किती, यावर त्या अस्तराचा स्वभाव ठरतो.

फटीतल्या वाटेचेही दोन पोटप्रकार आहेत आणि प्रयोगाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. पहिली ‘पोअर’ वाट. ती जेमतेम ०.८ नॅनोमीटर व्यासाची असते, आयन आणि अगदी लहान रेणूंपुरती, आणि तिच्यात क्लॉडिनची निवड चालते. क्लॉडिन-२ धनभारित आयन आणि पाण्याला वाट देतो, तर इतर काही क्लॉडिन ती बंद करतात. दुसरी ‘लीक’ वाट. तिच्यातून मोठे रेणूही जातात, पण संख्येने थोडे. ऑक्लुडिन, झेडओ-१ आणि त्यांना आतून ओढणारा अ‍ॅक्टिन-मायोसिनचा पट्टा तिच्यावर ताबा ठेवतो. तिसरी वाट खरे तर वाट नव्हेच. पेशी मेल्यावर पडलेले भोक ते, आणि त्यातून काहीही जाते.

टॅट किंवा पेनेट्रेटिनसारखी पेशीत शिरणारी पेप्टाइडे वेगळ्या कामाची आहेत. ती माल घेऊन पेशीच्या आत जातात, सांध्याशी त्यांचा थेट संबंध नाही. दोन्ही विषय एकाच मथळ्याखाली येतात आणि गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवले.

पायरी १: पेप्टाइड निवडताना ते कुठे काम करणार ते विचारा

प्रसिद्ध क्रमांपैकी एक मागवून टाकणे सोपे असते. पण प्रत्येक क्रमामागची यंत्रणा वेगळी आहे आणि ती तुमच्या पेशींत असेलच असे नाही.

पहिला गट सांध्याच्या प्रथिनांच्या बाहेर आलेल्या भागांची नक्कल करतो. दोन शेजारी पेशींची ऑक्लुडिन किंवा कॅडहेरिन (पेशीला पेशी जोडणारे प्रथिन) एकमेकांना धरून असतात. त्या पकडीच्या जागेचा तुकडा बाहेरून दिला की पकडीत अडथळा येतो. वाँग आणि गुंबिनर यांनी १९९७ मध्ये ऑक्लुडिनच्या दुसऱ्या बाह्य वळणाचे कृत्रिम पेप्टाइड बेडकाच्या मूत्रपिंडातल्या ए-६ पेशींवर देऊन रोध उतरवला होता, आणि पेप्टाइड काढल्यावर तो परत चढलाही. ई-कॅडहेरिनमधल्या हिस्टिडीन-अ‍ॅलनीन-व्हॅलीन या तिकडीवर आधारलेली पेप्टाइडे याच जातीची. रक्त-मेंदू अडसरासाठी त्यांची वलयाकार रूपे बरीच अभ्यासली गेली आहेत.

दुसरा गट क्लॉडिनला जाऊन चिकटतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे विष क्लॉडिन-३ आणि क्लॉडिन-४ ला धरते. त्याचे फक्त शेवटचे टोक घेतले तर विषारीपणा जातो आणि धरण्याची क्षमता उरते. सोनोदा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की या तुकड्याने एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींच्या सांध्यातून क्लॉडिन-४ निघून जातो, क्लॉडिन-१ मात्र जागेवर राहतो. इतकी नेमकी निवड बाकीच्या गटांत क्वचितच दिसते. पण तुमच्या पेशी क्लॉडिन-३ किंवा ४ बनवतच नसतील तर याचा काही उपयोग नाही. मागवण्याआधी एक वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींत ते प्रथिन आहे का ते दाखवणारी चाचणी, करून बघा.

तिसरा गट पटकीच्या जिवाणूच्या ‘झॉट’ या विषापासून आला. फसानो यांच्या गटाने १९९१ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यातला सहा अमिनो आम्लांचा एटी-१००२ हा तुकडा सांधे सैल करतो. त्याचा क्रम फेनिलअ‍ॅलनीन, सिस्टीन, आयसोल्यूसीन, ग्लायसीन, आर्जिनीन, ल्यूसीन असा आहे. याच संशोधनातून पुढे आलेले आठ अमिनो आम्लांचे लॅराझोटाइड नेमके उलटे वागते, ते सांधे सावरून धरते. ग्लूटेन सोसत नसलेल्या सीलियाक रुग्णांत त्याच्या चाचण्या झाल्या आणि तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली. एकाच घराण्यातली दोन पेप्टाइडे विरुद्ध दिशेने काम करतात हे लक्षात ठेवा. एकाच प्रयोगात दोन्ही वापरली तर ती एकमेकांचा उत्तम पडताळा ठरतात.

चौथा गट मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो, कारण तो बाहेरून धक्के देत बसत नाही, पेशीची स्वतःची दोरी हलवतो. मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट चढले की अ‍ॅक्टिनचा पट्टा आवळतो आणि सांधा सैल होतो. हे फॉस्फेट उतरवणाऱ्या फॉस्फटेजला रोखणारी पेप्टाइडे म्हणजे पीआयपी. ती पारगम्यता वाढवतात. फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेजला रोखणारे पीआयके पेप्टाइड ती घटवते. दोन्ही पेशीच्या आत शिरतील अशीच घडवलेली आहेत. परिणाम खरोखर याच मार्गाने झाला का, हे मायोसिन साखळीच्या १९व्या सेरीनवरच्या फॉस्फेटचा ब्लॉट करून सरळ तपासता येते.

मधमाशीच्या विषातले मेलिटिन इथे इशारा म्हणून सांगतो. २६ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड अगदी कमी मात्रेत पारगम्यता वाढवते आणि मात्रा थोडी वाढली की पेशीपटल फाडते. उपयोगाची मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातले अंतर किती, हा प्रश्न प्रत्येक पेप्टाइडला विचारायचा असतो. मेलिटिनबाबत तो पहिल्याच दिवशी समोर येऊन उभा राहतो.

पायरी २: कोणत्या बाजूने द्यायचे

कॅडहेरिनची पकड घट्ट सांध्याच्या खाली आहे. क्लॉडिन-४ चा बराच साठाही सांध्याखालच्या बाजूच्या पटलावर असतो. त्यामुळे या दोन गटांतली पेप्टाइडे वरच्या कप्प्यात (पेशीथर दोन कप्प्यांच्या मध्ये असतो) टाकली तर लक्ष्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना तोच सांधा ओलांडावा लागतो, जो अजून उघडलेला नाही. पहिल्या प्रयोगात वरून, खालून आणि दोन्हीकडून, अशा तीन रांगा ठेवा. तोंडावाटे औषधाच्या दिशेने काम असेल तर वरची बाजूच खरी, कारण आतड्यात गोळी त्याच बाजूला असते. खालून दिल्यावर उत्तम आणि वरून दिल्यावर शून्य, असा निकाल आला तर यंत्रणा कळली, पण औषध अजून हातात आलेले नाही.

पायरी ३: पेप्टाइडची बाटली उघडण्याआधी

मात्रेतल्या निम्म्या चुका इथे होतात. बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिलेले असते, पण त्या पावडरीत पाणी आणि प्रतिआयन, म्हणजे पेप्टाइडचा भार तोलणारे विरुद्ध भाराचे आयन, असतात. शुद्धता ९८ टक्के म्हणजे पेप्टाइडचे प्रमाण ९८ टक्के नव्हे. शुद्धता इतर पेप्टाइडांच्या तुलनेत मोजलेली असते. निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण वेगळे मागावे लागते आणि ते ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असणे सर्रास आहे.

लॅराझोटाइडचे उदाहरण घेऊ. रेणुभार सुमारे ७२५. १ मिलिग्रॅम पावडर, निव्वळ प्रमाण ८० टक्के, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम पेप्टाइड, म्हणजे सुमारे १.१ मायक्रोमोल. ११० मायक्रोलिटरमध्ये विरघळवले की १० मिलिमोलर साठा तयार. निव्वळ प्रमाण धरले नसते तर १३८ मायक्रोलिटर घातले असते, आणि १० समजून प्रत्यक्षात ८ मिलिमोलर वापरत राहिला असता.

प्रतिआयन कोणता तेही विचारा. शुद्धीकरणातून आलेले ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट काही पेशींना मानवत नाही, शिवाय जास्त मात्रेत बफरचा सामू खाली ओढते. पेशींवर वापरायचे तर अ‍ॅसिटेट किंवा क्लोराइड रूप मागवलेले बरे. तरीही अंतिम द्रावणाचा सामू मीटरवर मोजा, अंदाजावर सोडू नका. क्रमात सिस्टीन असेल, जसे एटी-१००२ मध्ये आहे, तर उदासीन सामूत दोन रेणू डायसल्फाइडने जोडले जातात आणि सकाळी बनवलेले द्रावण दुपारी तेच राहत नाही. असे पेप्टाइड ऐन वेळी बनवा. साठा लहान लहान कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नका. धनभारित आणि तेलकट पेप्टाइडे प्लास्टिकला चिकटतात, त्यांच्यासाठी कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा.

क्लोस्ट्रिडियमच्या तुकड्यासारखे प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवले असेल तर एंडोटॉक्सिनची चाचणी टाळताच येणार नाही. एंडोटॉक्सिन स्वतःच अडसर बिघडवू शकते आणि श्रेय पेप्टाइडला मिळते.

पेप्टाइडसोबतच त्याचा विस्कटलेला जोडीदार मागवा. तीच अमिनो आम्ले, तोच भार, तीच लांबी, फक्त क्रम वेगळा. हा जोडीदार नसेल तर ‘क्रमामुळे परिणाम झाला’ हे वाक्य लिहिताच येत नाही, कारण कोणतेही धनभारित पेप्टाइड पुरेशा मात्रेत पटलाला थोडेफार हलवतेच. खर्च वाचवायला लोक नेमके हेच गाळतात. त्यापेक्षा मात्रांच्या रांगेतली एक मात्रा गाळलेली परवडली.

पायरी ४: पेशींचा थर तयार करणे

आतड्यासाठी कॅको-२ या पेशी सर्वांत जास्त वापरल्या जातात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या असूनही पुरेसे दिवस वाढू दिल्या की त्या लहान आतड्याच्या शोषक पेशींसारख्या वागू लागतात. ०.४ मायक्रोमीटर छिद्रांच्या पारगम्य इन्सर्टवर (तळाला सच्छिद्र पडदा असलेला छोटा कप) दर चौ.सेंमी ६० हजार ते १ लाख पेशी पेरा आणि २१ दिवस वाढू द्या. दर दोन दिवसांनी मीडिया बदला. मीडिया काढताना आधी खालचा आणि मग वरचा काढा, भरताना आधी वरचा आणि मग खालचा भरा, म्हणजे खालून दाब येऊन थर उचलला जात नाही. पिपेटचे टोक इन्सर्टच्या भिंतीला टेकवा, पडद्याला नाही.

पॅसेज क्रमांकांचा टप्पा ठरवून घ्या आणि सगळे प्रयोग त्याच टप्प्यात करा. कॅको-२ पॅसेजागणिक बदलतात, त्यांचा मूळ रोधही बदलतो. मायकोप्लाझ्माची तपासणी ठरलेल्या वेळी करा. घाई असेल तर एमडीसीके चारपाच दिवसांत तयार होतात, पण त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी आहेत आणि त्यांचे क्लॉडिन वेगळे. एमडीसीके-१ आणि एमडीसीके-२ यांच्या रोधात तर काही हजार आणि शंभरेक इतका फरक असतो. कोणत्या जातीच्या पेशी आहेत ते न लिहिता ‘एमडीसीके’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही.

पायरी ५: रोध मोजणे, आणि कोरा इन्सर्ट वजा करणे

ट्रान्सएपिथेलियल इलेक्ट्रिकल रेझिस्टन्सला प्रयोगशाळेत सगळे ‘टीअर’च म्हणतात. मोजताना दोन टोकांचा इलेक्ट्रोड उभा धरायचा, लांब टोक खालच्या कप्प्यात, आखूड टोक वरच्या. प्लेट इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या मोजू नका. थंड होत जाणाऱ्या द्रावणात टीअर चढत जातो, आणि पहिल्या व शेवटच्या इन्सर्टमधला फरक तुमच्या पेप्टाइडपेक्षा मोठा दिसू शकतो. एक तर प्लेट खोलीच्या तापमानाला वीसेक मिनिटे स्थिरावू द्या, नाही तर मोजणी ३७ अंशांच्या तापत्या पाटीवर करा. पद्धत एकच ठेवा. प्रत्येक इन्सर्टवर तीन जागी मोजून सरासरी घ्या.

आता आकडे बघा. १.१२ चौ.सेंमीच्या इन्सर्टवर वाचन ५७० ओहम आले. पेशी नसलेल्या कोऱ्या इन्सर्टचे १२०. खरा टीअर म्हणजे (५७० − १२०) × १.१२ = ५०४ ओहम चौ.सेंमी. पेप्टाइडनंतर वाचन ३०० आले, तर खरा टीअर (३०० − १२०) × १.१२ = सुमारे २०२. म्हणजे मूळच्या ४० टक्के उरला. कोरा वजा केला नाही तर ३०० भागिले ५७०, म्हणजे ५३ टक्के. तोच प्रयोग, तेच वाचन, पण परिणाम ६० ऐवजी ४७ टक्क्यांचा दिसतो. प्रत्येक प्लेटमध्ये एक कोरा इन्सर्ट त्याच मीडियात, तितकेच दिवस ठेवा.

क्षेत्रफळाने भागायचे नसते, गुणायचे असते. रोध क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे एकक ‘ओहम चौ.सेंमी’ येते. ‘ओहम प्रति चौ.सेंमी’ असे लिहिलेला आलेख दिसला तर त्यातले आकडे तपासूनच घ्या.

प्रयोगाच्या दिवशी मीडिया काढून १० मिलिमोलर हेपेस घातलेले हँक्स बफर भरा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेले. कॅल्शियम नसलेले साधे फॉस्फेट बफर भरले तर ई-कॅडहेरिनची पकडच सुटते आणि पेप्टाइड न टाकताही टीअर कोसळतो. अर्धा तास स्थिरावू द्या आणि शून्य वेळेचे वाचन घ्या. किती ओहमखालचे इन्सर्ट बाद करायचे ती रेषा प्रयोगाच्या आधी ठरवा. कॅको-२ साठी २५० किंवा ३०० ही रेषा बरेच जण धरतात. मग पेप्टाइड टाका आणि १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी मोजा.

मात्रांची रांग रुंद ठेवा, १० मायक्रोमोलरपासून मिलिमोलरपर्यंत. सोबत चार पडताळे हवेत: नुसते बफर, पेप्टाइड ज्यात विरघळवले तो द्रावक त्याच प्रमाणात, विस्कटलेला क्रम, आणि सांधे नक्की सैल करणारा एक ओळखीचा पदार्थ. शेवटच्यासाठी १० मिलिमोलर सोडियम कॅप्रेट किंवा कॅल्शियम बांधून ठेवणारे काही मिलिमोलर ईजीटीए चालते. हा चौथा पडताळा हलला नाही तर त्या दिवशीचा कोणताही नकारात्मक निकाल ग्राह्य धरू नका.

पायरी ६: रेणू खरोखर पलीकडे गेला का

टीअर म्हणजे आयनांचा रोध. पटलातले आयनमार्ग उघडले तरी तो उतरतो आणि सांध्याला धक्काही लागलेला नसतो. म्हणून खुणेचा रेणू पलीकडे पाठवून मोजायचा. ४ किलोडाल्टनचे फ्लुओरेसीन-डेक्स्ट्रान, म्हणजे चमकणारा रंग जोडलेली शर्करेची साखळी, हा नेहमीचा पर्याय. वरच्या कप्प्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घाला, ३७ अंशांवर हळू हलवत ठेवा आणि दर अर्ध्या तासाने खालून १०० मायक्रोलिटर काढून तितकेच कोमट बफर भरा. काढलेल्या नमुन्यातला डेक्स्ट्रान पुढच्या बेरजेत मिळवायला विसरू नका.

पारगम्यता गुणांक म्हणजे पलीकडे जाण्याचा दर भागिले (क्षेत्रफळ × वरच्या कप्प्यातले सुरुवातीचे प्रमाण). समजा तासाला ०.९ मायक्रोग्रॅम पलीकडे गेले. दर सेकंदाला ०.०००२५ मायक्रोग्रॅम. वरचे प्रमाण १,००० मायक्रोग्रॅम प्रति घनसेंमी, क्षेत्रफळ १.१२. उत्तर येते २.२ × १० चा उणे ७वा घात, एकक सेंमी प्रति सेकंद. पेप्टाइडनंतर तासाला ४.५ मायक्रोग्रॅम गेले तर पारगम्यता पाचपट झाली. दर काढताना आलेखाचा सरळ भागच घ्या, आणि खालचे प्रमाण वरच्याच्या १० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका, नाही तर उलटा प्रवाह हिशेबात येतो.

फ्लुओरेसीनचा उजेड सामूनुसार बदलतो. वरचा कप्पा ६.५ आणि खालचा ७.४ ठेवला असेल तर प्रमाणरेषा दोन्ही बफरमध्ये वेगवेगळी काढा. जुन्या डेक्स्ट्रानमधून सुटलेले फ्लुओरेसीन आधी गाळून काढा, नाही तर ४ किलोडाल्टनच्या नावाखाली तुम्ही अगदी लहान रेणू मोजत असता. ल्युसिफर यलोसारखा ऋणभारित रंग धनभारित पेप्टाइडला चिकटू शकतो. दोघे एकत्र मिसळून, पेशींशिवाय, एकदा उजेड मोजून बघा.

एकाच इन्सर्टवर दोन रंगांचे दोन आकार पाठवणे ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे: ४ किलोडाल्टन हिरवा, ७० किलोडाल्टन लाल. टीअर उतरला पण दोन्ही रंग जागच्या जागी, तर पोअर वाट किंवा आयनमार्ग उघडला असावा. ४ चा गेला आणि ७० चा जवळजवळ अडला, तर सांधे सैल झाले म्हणायला आधार मिळतो. दोन्ही सारख्याच पटीने वाढले तर पेशी तपासायला घ्या.

पायरी ७: भोक शोधणे

लोक इथे एलडीएच चाचणी करतात. मेलेल्या पेशींतून गळालेले एंझाइम मोजतात, ट्रायटनने सगळ्या पेशी फोडल्यावर येणारे वाचन १०० टक्के धरतात, आणि २–३ टक्के आले की ‘विषारी नाही’ असे लिहून मोकळे होतात. एक हिशेब करून पाहा. थराचा टीअर ५०० आहे. त्यातला फक्त १ टक्का भाग उघडा पडला आणि त्या उघड्या जागेचा रोध ५ ओहम चौ.सेंमी इतकाच उरला असे धरू. दोन्ही भाग समांतर जोडलेले, म्हणून त्यांच्या वाहकतेची बेरीज करायची. ०.९९ भागिले ५०० म्हणजे ०.००१९८, आणि ०.०१ भागिले ५ म्हणजे ०.००२. बेरीज ०.००३९८, म्हणजे टीअर सुमारे २५१. शंभरातली एक पेशी गळाली आणि टीअर निम्म्यावर आला! एलडीएचच्या वाचनात तो एक टक्का नेहमीच्या चढउतारात विरघळून गेला.

म्हणून एलडीएच करा, पण त्यावर थांबू नका. प्रयोग संपताच इन्सर्टवर प्रोपिडियम आयोडाइड हा मेलेल्या पेशी रंगवणारा रंग घाला, पडदा कापून काचपट्टीवर घ्या आणि पूर्ण क्षेत्र सूक्ष्मदर्शकाखाली बघा, निवडक चौकट नव्हे. मेलेल्या पेशी पुंजक्याने एका कडेला असतील तर ती बहुतेक वेळा पिपेटची जखम असते. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर पेप्टाइडकडे बोट जाते. त्याच पडद्यावर झेडओ-१, ऑक्लुडिन आणि एखाद्या क्लॉडिनची प्रतिपिंडे लावता येतात. बऱ्याच क्लॉडिन प्रतिपिंडांना थंड मेथॅनॉलने स्थिर केलेला नमुना जास्त मानवतो. रेषा तुटलेली, नागमोडी की पेशीच्या आत ओढली गेलेली, हे कोणती पेशी कोणत्या उपचाराची ते न सांगता दुसऱ्याकडून नोंदवून घ्या.

पायरी ८: पेप्टाइड काढल्यावर काय होते

दोनदा धुवा, पूर्ण मीडिया भरा आणि २, ४ व २४ तासांनी टीअर मोजा. काही तासांत परत चढला तर परिणाम उलटणारा आहे असे म्हणता येते. फक्त २४ तासांनी चढला तर जरा थांबा. शेजारच्या पेशी पसरून भोक बुजवतात, त्यामुळे सावरलेला टीअर दुरुस्तीचाही असू शकतो. वाचन २४ तासांचे एकच असेल तर ते कोणत्याही बाजूने धरू नका. धुतलेल्या इन्सर्टवर दुसऱ्या दिवशी तीच मात्रा पुन्हा द्या. तितकाच परिणाम पुन्हा आला आणि पुन्हा सावरला, तर तो भरवशाचा.

पेप्टाइड न धुताच टीअर आपोआप सावरू लागला तर ते बहुधा तुटते आहे. कॅको-२ च्या वरच्या पटलावर पेप्टिडेज भरपूर असतात. वरच्या कप्प्यातला नमुना ० आणि ६० मिनिटांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर घालून अखंड पेप्टाइड किती उरले ते बघा. टोके झाकणे, म्हणजे एका टोकाला अ‍ॅसिटिल आणि दुसऱ्या टोकाला अमाइड लावणे, हा पहिला उपाय. डी-रूपातली अमिनो आम्ले हा दुसरा. पण पकडीवर चालणाऱ्या पेप्टाइडमध्ये डी-रूपाने आकार बदलतो आणि पकडच जाऊ शकते, तेव्हा बदललेले पेप्टाइड पायरी ५ पासून पुन्हा तपासा.

आकडे मांडताना

एका प्लेटमधले तीन इन्सर्ट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजमधून पेरलेल्या प्लेट हे खरे प्रयोग, आणि इन्सर्ट त्यांच्या आतली पुनरावृत्ती. टक्केवारीसोबत मूळ ओहम चौ.सेंमीही द्या. ८०० चा ४०० होणे आणि २५० चा १२५ होणे, दोन्ही ५० टक्केच, पण दुसरा थर मुळातच गळका होता.

प्लेटच्या पुढे

इथे मिळालेला निकाल शरीरात तसाच मिळत नाही. कॅको-२ वर श्लेष्म नसते, आतडे हलत असते, आणि पेप्टाइड पातळ होऊन औषधापासून दूर वाहून जाते. सांधा मिनिटभर उघडला आणि औषध तिथे पोहोचलेच नाही तर उपयोग शून्य, उलट त्या मिनिटात आतड्यातले जिवाणूंचे तुकडे आत शिरू शकतात. तोंडावाटे घेण्याच्या सेमाग्लुटाइडला २०१९ मध्ये मान्यता मिळाली ती शोषणवर्धकाच्या जोरावर. पण तो वर्धक पेप्टाइड नाही आणि त्याचे काम जठरात, मुख्यतः पेशीच्या आतून जाणाऱ्या वाटेवर चालते. सांध्यावर थेट काम करणारे पेप्टाइड अजून त्या टप्प्याला पोहोचलेले नाही. संशोधनासाठी विकली जाणारी ही पेप्टाइडे ‘आतडे सुधारते’ म्हणून कुणी पोटात घेऊ नयेत. वर सांगितलेली मात्रा, शुद्धता आणि एंडोटॉक्सिन यांची एकही हमी त्या बाटलीवर नसते.

पेशींवर परिणाम टिकला तर पुढचा टप्पा उसिंग कप्प्याचा. हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेवरच्या कामासाठी तो वापरात आणला. ताज्या आतड्याचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवतात, दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात आणि रोध व रंगांचा प्रवास एकाच वेळी मोजतात. ऊतक दोनेक तासच नीट टिकते, त्यामुळे मात्रांची लांब रांग इथे चालत नाही. प्लेटवर ठरलेली एकच मात्रा, विस्कटलेला क्रम आणि नुसते बफर, एवढेच घेऊन जा. शेवटच्या दहा मिनिटांत ग्लुकोज किंवा फोर्स्कोलिन देऊन ऊतक अजून प्रतिसाद देते का ते पाहा, आणि ज्या तुकड्याने दिला नाही त्याचे आकडे मोजणीत धरू नका.